तिसरा ब्रेक

म्हातारा न्हाणीघरात घसरून पडला होता आणि त्याची बरगडी इतकी दुखत होती की त्याला एक्स-रेच्या टेबलावर सरळ झोपवायलाच मला दहा मिनिटं लागली. "हसवू नका हं, बाई," तो स्वतःच म्हणाला, "हसलं की इथं सुरी फिरते." मी कुणाला हसवत नाही. बावन्न वर्षांत मी कुणाला हसवल्याचं मला आठवत नाही, एक दुपार सोडली तर. मी त्याच्या पाठीखाली प्लेट सरकवली, शिशाचा जड एप्रन कमरेवर टाकला, काचेआड गेले आणि दिवसभर म्हणते तेच म्हणाले, श्वास घ्या, धरून ठेवा. त्यानं श्वास घेतला, धरला, आणि मी बटण दाबलं त्याच क्षणी खुदकन हसला आणि लगेच कळवळला. पडद्यावर बरगड्या पुसट उमटल्या, हलत्या पाण्यातल्यासारख्या. मी बाहेर आले. "काय झालं, आजोबा?" "काही नाही हो, एक आठवलं. माझी नात गाडी शिकते ना, तिथं एक मास्तर होता. वारला बिचारा. तो म्हणे म्हणायचा, गाडीला तीन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या पायाशी आणि एक माझ्या घरी. पहिला लागत नाही, दुसरा मी लावतो आणि तिसरा मला लावतो!" म्हातारा पुन्हा हसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत विव्हळला. "काय वल्ली असेल हो," तो म्हणाला. "बायकोवर किती जीव असेल त्याचा." "हलू नका," मी म्हणाले. तो मास्तर माझा सख्खा भाऊ. आणि हे वाक्य त्यानं जन्मात कधी उच्चारलं नव्हतं.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तीस वर्षं त्यानं लोकांना गाडी शिकवली. गाडी पांढरी, दर आठ-दहा वर्षांनी बदललेली पण दिसायला तीच, शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असलेली. ऑफिस म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि मागच्या दारातून आत गेलं की घर. घरात वहिनी आणि माझी पुतणी. मी दोन स्टॉप पलीकडे, एकटी. विनोदी माणूस म्हणून दादाला सगळा भाग ओळखायचा. तो येताना दिसला की लोक तोंड आधीच हसण्याच्या तयारीत ठेवायचे. मला तो मुकी म्हणायचा. "आमची मुकी आली. आता सगळे जरा हळू बोला, तिला वाईट वाटेल." यावर घरात कोण असेल ते हसायचं आणि मीही हसायचे. आई म्हणायची, दोघांच्या वाटचं बोलणं ह्या एकट्यानंच खाल्लं. त्यात राग नव्हता, निदान मला तेव्हा जाणवला नाही. घरात एक बोलणारा असला की दुसऱ्याला फक्त बसायचं असतं, आणि बसायला मला आवडायचं. मग गेल्या वर्षी फुप्फुसाच्या दुखण्यानं दादा पाच महिन्यांत गेला आणि त्याच्या वाटचं बोलणं माझ्यावर आलं.

शोकसभा गॅरेजवाल्यानं ठरवली. तो दादाचा बालमित्र, त्याच्या गाड्यांची सगळी दुरुस्ती त्याच्याकडेच व्हायची. शाळेचा मोठा हॉल, रविवारी दुपारी चार वाजता, येणारे चारशेच्या वर, कारण दादाकडे गाडी शिकलेला माणूस ह्या भागात प्रत्येक इमारतीत एक तरी आहेच. गॅरेजवाला मला म्हणाला, "रडगाणं नको. त्याला आवडलं नसतं. तू बहीण आहेस, पाच मिनिटं बोल, जरा हसव लोकांना." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तो निघूनही गेला. चार दिवस मी कागद घेऊन बसत होते. आमच्या हॉस्पिटलात पूर्वी फिल्म धुवायची अंधारी खोली होती, आता तिथं जुनी पाकिटं आणि मोडके स्टँड ठेवतात. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं जाऊन बसायचे आणि दादाचा एक तरी विनोद आठवायचे. आठवायचं ते असं की एकदा शिकणाऱ्या बाईची गाडी भर चौकात बंद पडली, मागं हॉर्नचा गोंधळ सुरू झाला, आणि दादा शांतपणे दार उघडून उतरला, गाडीला एक पूर्ण फेरी मारली, मागच्या गाड्यांकडे बघून कमरेत वाकून नमस्कार केला आणि परत येऊन बसला. "हं," एवढंच म्हणाला. ती बाई इतकी हसली की तिचे हातपाय मोकळे झाले आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी मागच्या सीटवर होते, माझंही पोट दुखलं होतं. पण हे कागदावर लिहिलं तर काय उरतं? एक माणूस उतरला आणि परत बसला. मी लिहायचे आणि खोडायचे. दादाचं सगळं विनोदी असणं असं कुठंतरी त्याच्या मानेत, भुवयांत, दोन शब्दांमधल्या थांबण्यात होतं, आणि ते त्याच्याबरोबर गेलं होतं. चौथ्या दिवशी मी फोनवरच्या त्या एआयला विचारलं. हॉस्पिटलात सगळेच विचारतात, सुट्टीचे अर्जसुद्धा त्याच्याकडून लिहून घेतात. मी लिहिलं, माझा भाऊ गाडी शिकवायचा, फार विनोदी होता, वारला, बायको आणि मुलगी आहे, पाच मिनिटांचं भाषण दे, लोकांना रडू नको, थोडं हसू येऊ दे. त्यानं नम्रपणे विचारलं, त्यांचं एखादं नेहमीचं वाक्य किंवा आठवण सांगाल का? मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. मग मी लिहिलं, तूच घाल.

चार सेकंदांत भाषण आलं. मधेच ते तीन ब्रेक होते. त्या खोलीत, रसायनांचा जुना आंबूस वास अजून न गेलेल्या भिंतींमध्ये, मी एकटी मोठ्यांदा हसले, आणि हसल्यावर मला वाटलं, हो, दादा असंच म्हणाला असता. नंतर कधीतरी त्यातलं 'असता' गळून पडलं. हॉलमध्ये माईकसमोर उभी राहिले तेव्हा मी म्हणाले, "दादा नेहमी म्हणायचा." हे 'नेहमी' भाषणात नव्हतं, ते माझं. पहिला लागत नाही, दुसरा मी लावतो, इथं थांबले, कारण कागदावर तिथं ओळ संपत होती, आणि मग म्हणाले, तिसरा मला लावतो. एक क्षण काही झालं नाही. मग हॉलच्या मागच्या बाजूनं हसणं उठलं आणि पुढं येत येत पहिल्या रांगेपर्यंत आलं. पहिल्या रांगेत वहिनी बसली होती. दादा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखं काहीतरी होतं, एकही सुरकुती हलत नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग तळहात तोंडावर ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं रडते. ती हसत होती. सगळे तिच्याकडे बघून आणखी हसले, काही जणांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मुकीनं चारशे माणसं हसवली होती. हे बघायला दादा हवा होता, असंही मनात येऊन गेलं.

त्यानंतर ते वाक्य आपल्या पायांनी चालायला लागलं. गॅरेजवाल्यानं ते दादाच्या गाडीच्या मागच्या काचेखाली लाल अक्षरांत रंगवून घेतलं. पुतणीनं नोकरी सोडून शिकवायला सुरुवात केली, आणि नवी मुलं पहिल्याच दिवशी गाडीच्या मागं उभी राहून फोटो काढायची. पण सगळ्यांत जास्त बदलली ती वहिनी. ती जेवायला लागली. ऑफिसचं दार उघडून टेबलाशी बसायला लागली. फोन उचलून म्हणायची, "बोला, तिसरा ब्रेक बोलतेय," आणि पलीकडचा माणूस हसला की तिच्या गालावर एक जुनी खळी यायची जी मी लग्नाच्या फोटोनंतर बघितली नव्हती. मी ऑफिसात जायचे तेव्हा ती कुणाला तरी ते सांगत असायची, दरवेळी थोडं वेगळं, हातवारे करून, दादाच्या आवाजात. मी तक्त्याकडे बघत उभी राहायचे. प्रवेश बंद, वळण धोक्याचं, हॉर्न वाजवू नका. मला वाटायचं हे आपोआप विरून जाईल. लोक विनोद विसरतात.

आणि मग तो बरगडीवाला म्हातारा. त्या संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर मी नेहमीसारखी वहिनीकडे गेले. ती आतल्या खोलीत दादाचे शर्ट काढून बसली होती, कुणाला तरी द्यायचे म्हणून घड्या घालत होती. मी समोर बसले आणि बाह्या सरळ करून द्यायला लागले. मग एक शर्ट मांडीवर तसाच ठेवून म्हणाली, "एक विचारू? ते ब्रेकचं तुला ते कधी म्हणाले?"

"आठवत नाही गं."

"आठव ना. घरी म्हणाले? गाडीत? कोण होतं तेव्हा?" ती शर्टाच्या बटणाशी खेळत होती. "मला तोंडावर कधी काही बोलले नाहीत. एकतीस वर्षांत कौतुक नाही, तक्रार नाही. बाहेर सगळ्या जगाला हसवायचे आणि घरात आले की चपला काढून पेपर. मला वाटायचं, मी म्हणजे ह्यांना घरातली भिंत. आहे म्हणून आहे. आणि बाहेर हे असं बोलायचे माझ्याबद्दल, सगळ्यांना! मला पत्ताच नाही. अजून काय काय म्हणायचे? तुला माहीत असणार. सांग की."

मी खोटं बोलू शकले असते. दुसरा एखादा विनोद करून दिला असता, मागितला असता तर त्या एआयनं दहा दिले असते. पण दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर म्हाताऱ्याच्या बरगड्यांचा तो पुसट फोटो होता, आणि वहिनीचा चेहरा इतका उघडा होता, इतकी वाट बघणारा, की तिथं आणखी एक खोटं ठेवायला माझा हात उचलेना. "वहिनी," मी म्हणाले, "ते दादा नाही म्हणाला."

"म्हणजे?"

"दादा कधी म्हणालाच नाही. भाषणासाठी केलेलं होतं ते."

मग तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. "तू केलंस? मुके, तू?" दादानं मला दिलेलं हे नाव तिनं पहिल्यांदाच वापरलं. त्यात राग नव्हता, नवल होतं, थोडी मायासुद्धा होती. मला आजही वाटतं, तिथं थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण एकदा खरं बोलायला लागले होते. "मी नाही," मी म्हणाले. "फोनवरच्या त्या एआयनं."

वहिनीनं शर्ट बाजूला ठेवला. अगदी हळू, काही सांडेल अशा बेतानं. "त्याला काय माहीत मी कोण?"

"काहीच नाही माहीत."

"मग घरी मी आहे, मी त्यांना थांबवायची, हे त्यानं कसं म्हटलं?"

"अंदाजानं. बायको आहे एवढं मी लिहिलं होतं."

"म्हणजे हे कुणाच्याही बायकोला चाललं असतं."

मी हातातली बाही पुन्हा सरळ केली. ती म्हणाली, "बोल ना. चाललं असतं की नाही?"

"चाललं असतं."

"आणि मी हसले," वहिनी म्हणाली. "चारशे माणसांसमोर, नवरा जाऊन महिना झाला नव्हता, मी तोंडावर हात घेऊन हसले. दोन महिने फोनवर सगळ्यांना सांगतेय, मी तिसरा ब्रेक, मी तिसरा ब्रेक. तू ऐकत उभी राहायचीस." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तू स्वतः रचून खोटं बोलली असतीस तर मी समजून घेतलं असतं. बहीण आहेस, भावाच्या मायेनं केलंस म्हटलं असतं. पण हे? ज्याला घर नाही, दार नाही, त्यानं माझ्या नवऱ्याच्या तोंडून माझी थट्टा केली आणि मी लाजले. मी लाजले गं!" मग ती उठली आणि राहिलेले शर्ट स्वतः उचलून कपाटात कोंबले, घड्या न घालता.

दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. पुतणीनं फोन केला, "आत्या, तुला लाज नाही वाटली?" आणि मी उत्तर देण्याआधी बंद केला. गॅरेजवाल्यानं ती लाल अक्षरं पात्यानं खरवडून काढली, खाली गाडीचा मूळ पांढरा रंगही निघाला आणि आता तिथं तीन ओळींचा एक करडा डाग आहे. मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मला तेव्हाच खटकलं होतं. तीन काय, एक-दोन-तीन काय, असं टाचेला टाच लावून कोण बोलतं? तो असा मापात बोलायचाच नाही." मला आठवत होतं, हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्यांदा तोच हसला होता, खुर्चीच्या पाठीवर थाप मारून. मावशी म्हणाली, "मी हसले ते तुझ्याकडे बघून. विनोद काही खास नव्हता." पुतणीच्या मैत्रिणी म्हणे म्हणाल्या की तो विनोद बायकांचा अपमान करणारा होता. असेल. दोन महिने कुणाला तसा वाटला नव्हता. जो तो आपापलं हसू परत मागत होता, दुकानदारानं खराब माल दिला म्हणून आलेल्या गिऱ्हाइकासारखा, आणि मी गल्ल्यावर बसले होते. मावशीचा जावई तेवढा एकदा बोलला, "कसं का असेना, त्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं ना?" तर मावशी त्याच्या अंगावर धावून गेली. "तुझ्या आईच्या शोकसभेला आणू का मशीन?" मलाही त्याचाच राग आला, माझी बाजू घेत असून. आणि आमचे डॉक्टर, जे मी काढलेले फोटो वाचतात, त्यांना सगळी हकीकत कळल्यावर ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "पण विनोद चांगला आहे हो. मला आत्ताही हसू आलं." त्या माणसाच्या हाताखाली मी चौदा वर्षं काम करते, त्यांनी मला कधी वावगा शब्द वापरलेला नाही, आणि त्या क्षणी मला त्यांचा इतका तिटकारा आला की मी हातातली पाकिटं टेबलावर टाकली आणि बाहेर जाऊन नळाखाली मनगटं धरून उभी राहिले.

राग नक्की कुणाचा, हे मला उलगडत नव्हतं. एका दुपारी त्या जुन्या अंधाऱ्या खोलीत जाऊन मी फोन काढला आणि लिहिलं, तू जे वाक्य घातलंस ते माझा भाऊ कधी म्हणाला नव्हता. उत्तर लगेच आलं. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, मनापासून क्षमस्व, मी ते कल्पनेनं रचलं होतं आणि तसं स्पष्ट सांगायला हवं होतं, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. खाली एक ओळ, हवं असल्यास भाषणासाठी दुसरी काही वाक्यं सुचवू का? मी काही लिहिलं नाही, पण बोट कुठंतरी लागलं असावं, आणि वाक्यं आली. त्यातलं पहिलं होतं, दादा जिथं गेलाय तिथंही त्यानं यमाला आधी सीटचा पट्टा लावायला सांगितलं असेल. माझ्या घशात हसू आलं. मी ते थांबवलं, खोकल्यासारखं दाबलं, पण ते आलं होतं, मला ठाऊक आहे. शरीराला कुणी केलं, कशानं केलं याच्याशी देणंघेणं नसतं, ते शिंकेसारखं हसतं. मला त्या गोष्टीची किळस आली आणि तितकीच स्वतःची. आणि मग भीती वाटली, कारण त्या क्षणी मी चौकातल्या गाडीतून उतरलेला दादा आठवून बघितला, तर तो उतरला, गाडीला फेरी मारली, वाकला, आणि परत येऊन बसल्यावर 'हं' म्हणण्याऐवजी त्यानं माझ्याकडे वळून म्हटलं, गाडीला तीन ब्रेक असतात. त्याच्याच आवाजात, त्याच्याच भुवया उडवत. मी डोळे गच्च मिटले. उघडले. पुन्हा आठवलं. पुन्हा तेच. मग त्याच्या खऱ्या बोलण्यातलं काय उरलंय हे मी एकेक चाचपून बघायला लागले, आणि जे सापडलं ते सगळं मला हसवणारं नव्हतं. त्यातलं एक असं होतं की ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

पाच आठवडे वहिनीनं मला बोलावलं नाही आणि मी गेले नाही. मग एका सकाळी, सुट्टीच्या दिवशी, तिचा फोन आला. "ये," एवढंच. मी गेले तेव्हा ऑफिस बंद होतं, पुतणी गाडी घेऊन शिकवायला गेली होती. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. बस म्हणाली नाही, मी बसले. ती वाळली होती, खळीची जागा खोल दिसत होती.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "खरं सांगायचं. ते तुझ्याशी माझ्याबद्दल कधी काही बोललेत का? एक तरी. असेल तर सांग. नसेल तर नाही म्हण, मी पुन्हा विचारणार नाही. पण रचून सांगितलंस तर ह्या घरात पाऊल टाकू नकोस."

खिडकीतून रस्त्यावरचा आवाज येत होता, कुणीतरी शिकाऊ माणूस गिअर घासत होता. मी म्हणाले, "एक आहे. पण ते ऐकलंस तर तुला माझा आणखी राग येईल."

"तो यायचा तेवढा आलाय."

मग मी सांगितलं. दादाचं दुखणं घरात कळलं त्याच्या पंधरा दिवस आधी तो माझ्याकडे आला होता, हॉस्पिटलात, कामाच्या वेळेत, रांगेत नंबर लावून. खोकला जात नाही, जरा बघ, म्हणाला. फोटो मीच काढला. पडद्यावर तो डाव्या बाजूचा डाग आला तेव्हा काचेच्या अलीकडे मी होते आणि पलीकडे उघड्या छातीनं तो उभा होता. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी काही बोलले नाही, मुकीच ती, पण त्याला कळलं. तो शर्ट घालायला लागला, बटणं खालून वर, लहानपणापासून तो उलटीच लावायचा, आणि म्हणाला, "घरी आत्ताच काही बोलू नकोस. ती घाबरली की भाजीत मीठ दोनदा टाकते." एवढंच. मग गेला. पंधरा दिवस मी ह्या स्वयंपाकघरात येत होते, इथंच बसून चहा पीत होते, आणि बोलले नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "पंधरा दिवस. मी त्यांना आल्याचा काढा करून देत होते आणि तू बघत होतीस."

"हो."

ती वळली आणि नळ सोडला, उगाचच, त्याखाली काही नव्हतं. मग तिनं नळ बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय म्हणाले ते पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. बटणं खालून वर लावत होता, म्हणाले. म्हणाला, घरी आत्ताच काही बोलू नकोस. ती घाबरली की भाजीत मीठ दोनदा टाकते. आणि इथं वाक्य संपायला हवं होतं, संपलंच होतं, पण माझ्या तोंडात काहीतरी अजून चालू राहिलं, उतारावर सुटलेल्या गाडीसारखं, आणि मी म्हणाले, "आणि मग दोनदा वाढते."

हे दादा म्हणाला नव्हता. हे कुणीच म्हणालं नव्हतं. फोन पर्समध्ये बंद होता. ते माझ्यातूनच आलं, गुळगुळीत, मापात बसलेलं, दोन आणि दोन, टाचेला टाच लावून.

वहिनीच्या पाठीत काहीतरी सैल झालं. तिचे खांदे हलले. ती वळली तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, तोंडावर हात न घेता, दात दिसेपर्यंत. "दोनदा वाढते!" ती म्हणाली. "मेलं, खरंच वाढायची मी! खारट आहे म्हणून कुणी सांगायच्या आत वाढून मोकळी व्हायची!" तिनं पदरानं डोळे पुसले. "असेच बोलायचे ते. बघ, ह्याला म्हणतात त्यांचं बोलणं. ते मशीन काय बोलणार?"

मग ती थांबली. अजून हसतच होती, पण आता माझ्याकडे बघत होती, मीही हसावं म्हणून. आत्ता सांगावं, असं वाटलं. तोंड उघडलंही. तिचा चेहरा पुन्हा तसाच उघडा होता.

मी हसले.